रान राखणे आणि रान जपून वापरणे : हेच-हेचीच्या दरीचा वाद

वनसंपत्तीचा पाठ घेताना दोन वाक्ये फळ्यावर बहुधा एकाखाली एक लिहिली जातात : ‘जंगलांचे रक्षण करावे’ आणि ‘जंगलांपासून इमारती लाकूड, सरपण, डिंक, मध, लाख इत्यादी वस्तू मिळतात.’ विद्यार्थी ती दोन्ही मुखोद्गत करतात. त्या दोहोंत काही विरोध आहे, असे त्यांच्या मनात येत नाही. क्वचित एखादा चौकस मुलगा विचारतो, “गुरुजी, रक्षण करायचे, तर मग लाकूड तोडायचे कसे?” हा प्रश्न पोरकट समजून त्यास खाली बसविणे उचित नव्हे. याच प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बारा-तेरा वर्षे वाद चालला, तो तेथील कायदेमंडळापर्यंत गेला, आणि एक सुंदर दरी कायमची पाण्याखाली गेल्यावरच त्याचा निकाल लागला. निकाल लागला म्हणून वाद मिटला, असे मात्र झाले नाही. आज शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी तो चालूच आहे.

मराठी वर्गात या विषयाची एक विशेष अडचण आहे, ती आपल्या ‘राखणे’ या क्रियापदाची. शेतकरी गवताचे रान राखतो, ते पावसाळा सरल्यावर कापून आणण्यासाठी. गाव देवराई राखतो, ती तिच्यातील वाळलेली काडीसुद्धा कोणी उचलू नये म्हणून. आणि सरकार ‘राखीव जंगल’ म्हणते तेव्हा ते जंगलखात्याच्या ताब्यासाठी राखलेले असते. शब्द एकच, अर्थ तीन. हे तीन अर्थ मुलांकडून प्रथम वेगळे करून घेतले, तर पुढील हकीकत त्यांस सहज उमगेल; न केले, तर शिक्षकाचा सगळा तास ‘झाडे तोडू नयेत’ या उपदेशातच संपेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जंगलांची जी तोड चालली होती, तिला ‘वापर’ हे नाव देणेही कठीण आहे. मिशिगन व विस्कॉन्सिन या संस्थानांतील पाइन वृक्षांची अफाट जंगले लाकूड व्यापाऱ्यांनी काही दशकांत उजाड केली. तोडीनंतर फांद्या व पाचोळा तेथेच वाळत पडे. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो गावी अशाच वाळलेल्या रानात वणवा पेटला व हजाराहून अधिक माणसे एका रात्रीत दगावली. आकाश झाकून टाकणारे ‘प्रवासी कबुतरां’चे थवे शिकाऱ्यांनी इतके मारले, की त्या जातीचा अखेरचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे चित्र मुलांपुढे आधी उभे केले पाहिजे. कारण पुढे ज्या दोन पुरुषांत वाद झाला, ते दोघेही या लुटीचे कट्टर विरोधक होते. चांगला विरुद्ध दुष्ट असा हा सामना नव्हता. असता तर शिकविण्यास सोपा गेला असता.

त्यांतील पहिला जॉन म्यूर. त्याचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षी तो आईबापांच्या कुटुंबाबरोबर विस्कॉन्सिनमध्ये आला. यंत्रे जुळविण्यात त्याचा हातखंडा होता. १८६७ साली कारखान्यात काम करीत असता एक कानस निसटून त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली आणि कित्येक आठवडे त्यास अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दृष्टी परत आल्यावर त्याने यंत्रांचा नाद सोडला व तो पायी भ्रमंतीस निघाला. १८६८ साली तो कॅलिफोर्नियात पोहोचला. सिएरा नेवाडा पर्वत पाहिला आणि जन्मभर त्याचाच होऊन राहिला. १८६९ च्या उन्हाळ्यात तो पोटासाठी मेंढरांच्या कळपाबरोबर तुओलम्नी नदीच्या वरच्या कुरणांत गेला. मेंढरांनी कुरणांची व रानफुलांची जी दशा केली ती पाहून त्याचे मन इतके विटले, की पुढे तो या कळपांना टोळधाडीची उपमा देऊ लागला. योसेमिटीच्या दरीत त्याने लाकूड कापण्याची गिरणीही चालविली, पण तीत उन्मळून पडलेलीच झाडे कापली जात. पुढे मार्टिनेझ येथे त्याने फळबागा पिकविल्या व त्यांत पैसाही मिळविला. म्यूर म्हणजे जगाचा व्यवहार न कळणारा बैरागी, अशी जी समजूत करून दिली जाते, ती खरी नव्हे. त्याचे म्हणणे एवढेच होते, की काही जागा माणसाच्या उपयोगाच्या हिशेबाबाहेर ठेवाव्यात. त्यांचे असणे हेच त्यांचे प्रयोजन समजावे. १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्याच्या लेखांचा मोठा वाटा होता. १८९२ साली स्थापन झालेल्या ‘सिएरा क्लब’ या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष.

दुसरा गिफर्ड पिंशो. हा १८६५ साली सधन घरात जन्मला. येल विद्यापीठातून १८८९ साली पदवी घेतल्यावर ‘मी वनशास्त्रज्ञ होणार’ असे त्याने ठरविले. अमेरिकेत त्या काळी हे शास्त्र शिकण्याची सोयच नव्हती. म्हणून तो युरोपात गेला. आणि तेथे त्याची जी गाठ पडली, ती हिंदुस्थानच्या इतिहासाशी निगडित आहे. बॉन शहरी त्यास डीट्रिख ब्रँडिस हे वृद्ध जर्मन वनशास्त्रज्ञ भेटले. ब्रँडिस यांनी १८५६ पासून ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांची व्यवस्था पाहिली होती, १८६४ साली ते हिंदुस्थान सरकारचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८७८ साली डेहराडूनची वनशाळा त्यांच्या प्रयत्नाने निघाली. जंगलात किती झाडे आहेत, दर साल त्यांतील किती तोडीस येतात, हे मोजावे व तेवढीच तोडावीत, मूळ भांडवलास हात लावू नये, ही त्यांची शिस्त. त्यांच्या सल्ल्याने पिंशो फ्रान्समधील नान्सी येथील वनशाळेत दाखल झाला. सागवानाच्या रानात पक्की झालेली ही रीत अशा रीतीने अमेरिकेस पोहोचली, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. मुलांना इतिहास दूरचा वाटत नाही, जेव्हा त्यात ओळखीचे झाड येते.

पिंशो १८९८ साली सरकारच्या वनविभागाचा प्रमुख झाला व १९०५ साली नव्या वनसेवेचा पहिला अधिपती. दीर्घकाळात जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित ज्यात असेल, तसा जंगलाचा उपयोग करावा, हे त्याचे सूत्र. यातील ‘दीर्घकाळात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. व्यापाऱ्यास आजचा नफा दिसे. पिंशोस नातवंडांच्या वेळचे लाकूडही दिसत असे.

हे दोघे पूर्वी एकमेकांचे स्नेही होते. १८९६ साली जंगलांची पाहणी करणाऱ्या मंडळाबरोबर दोघेही हिंडले. ग्रँड कॅनियनच्या कड्यावर असता एक मोठा केसाळ कोळी पुढ्यात आला. पिंशो त्यास मारणार, तोच म्यूरने त्याचा हात थांबविला. या प्राण्याचा येथे राहण्याचा हक्क माणसाइतकाच आहे, असे तो म्हणाला. ही आठवण पिंशोनेच आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. त्या रात्री दोघेही शेकोटीपाशी बराच वेळ गप्पा मारीत बसले होते. पुढच्याच वर्षी राखीव जंगलांत मेंढरे चारू द्यावीत की नाही यावर त्यांचे मतभेद उघड झाले. नियम घालून चराईस परवानगी द्यावी, असे पिंशोचे मत. म्यूरला तेही सहन होईना.

आता दरीकडे वळावे. योसेमिटीच्या उत्तरेस, त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, तुओलम्नी नदीची एक दरी आहे. तिचे नाव हेच-हेची. मराठी कानास हे नाव गमतीचे वाटेल व मुले हसतीलही. ते तेथील मिवॉक लोकांच्या भाषेतून, ज्याचे बी खातात अशा एका गवताच्या नावावरून आले आहे. दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटचे उभे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे, तळाशी सपाट कुरण आणि कुरणाच्या शेवटास कडे एकमेकांजवळ येऊन झालेली अरुंद खिंड. चित्रकाराने पाहिले तर स्वर्ग. धरण बांधणाऱ्या इंजिनियराने पाहिले तर भांड्यास केवळ बूच लावण्याचे काम. दोघांचेही डोळे खोटे नव्हते.

सॅन फ्रान्सिस्को शहरास पाणी हवे होते. ते एका खाजगी कंपनीच्या हाती होते व नागरिक तिच्यावर नाराज होते. १९०१ साली महापौर जेम्स फेलन यांनी या दरीतील पाण्यासाठी अर्ज केला. १९०३ साली तो फेटाळला गेला. मग १८ एप्रिल १९०६ रोजी भूकंप झाला. त्यामागून लागलेली आग तीन दिवसांहून अधिक जळत राहिली. सुमारे ३,००० माणसे मेली, २८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. आग विझविण्यास पाणी मिळाले नाही, ही गोष्ट लोकांच्या मनावर कोरली गेली व धरणाच्या बाजूने सहानुभूतीची लाट उसळली. येथे शिक्षकांनी किंचित थांबावे. पाणी मिळाले नाही ते मुख्यतः शहराखालील नळ भूकंपाने फुटले म्हणून. दूरच्या डोंगरात आणखी एक तलाव असता तरी फुटलेल्या नळांतून पाणी आले नसते. संकटाच्या दिवसांत कारण व उपाय यांची सांगड लोक किती घाईने घालतात, याचे हे ठळक उदाहरण होय. तरीही एवढे सांगितलेच पाहिजे, की शहर वाढत होते, त्याची तहान खोटी नव्हती आणि खाजगी मक्तेदारीतून सुटण्याची नागरिकांची इच्छा न्याय्य होती.

१९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत परवानगी मिळाली. हेच रूझवेल्ट १९०३ च्या मे महिन्यात म्यूरबरोबर योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर झोपले होते. त्याच १९०८ साली त्यांनी नैसर्गिक संपत्तीच्या जपणुकीवर संस्थानांच्या गव्हर्नरांची परिषद भरविली; तिचे निमंत्रण म्यूरला गेले नाही. पुढील पाच वर्षे देशभर पत्रके, व्याख्याने व अग्रलेख यांची झुंज चालली. म्यूरने दरीस देवालयाची उपमा दिली व तिचा हौद करण्यास निघालेल्यांवर जहाल टीका केली. धरणवाल्यांनी म्यूरच्या पक्षास हळव्या मनाचे, स्वप्नाळू लोक ठरविले. सरकारने नेमलेल्या लष्करी इंजिनियरांनी १९१३ साली कळविले, की शहरास पुरेसे पाणी इतर ठिकाणांहूनही आणता येईल. परंतु हेच-हेची सर्वांत स्वस्त पडेल. खरा पेच हा होता. प्रश्न पाणी की दरी असा नव्हताच. दरीसाठी शहराने काही जास्त पैसे मोजावेत की नाही, असा होता. वादाच्या गदारोळात तो कोणी फारसा अशा शब्दांत मांडला नाही.

पिंशोने कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली, ती धरणाच्या बाजूने. लोकप्रतिनिधींच्या सभेत १८३ विरुद्ध ४३ व सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी विधेयक संमत झाले, आणि १९ डिसेंबर १९१३ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यावर सही केली. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर वारला. धरण १९२३ साली पुरे झाले, १९३८ साली त्याची उंची वाढविली गेली. पाणी शहरात पोहोचले ते १९३४ साली. म्हणजे ज्या भूकंपाचे निमित्त सांगितले गेले, त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. १६७ मैलांचा तो जलमार्ग केवळ उताराच्या जोरावर वाहतो, आणि आज सॅन फ्रान्सिस्को व आसपासच्या सुमारे २७ लक्ष लोकांस ते निर्मळ पाणी मिळते. ज्यांना हे पाणी मिळते त्यांच्या दृष्टीने हा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. धरण झाल्यावर तेथे सुंदर सरोवर होईल, लोक नौकाविहार करतील, असेही आश्वासन दिले गेले होते. त्या सरोवरात आज नाव घालण्यास व पोहण्यास मनाई आहे.

हरलेल्या पक्षाच्या हाती काहीच लागले नाही असे नाही. १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला व ती पुढील पिढ्यांसाठी अबाधित ठेवावीत असे त्यात आले. १९५० नंतर डायनासोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत एको पार्क येथे धरण बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा हेच-हेचीची आठवण देऊन तो हाणून पाडण्यात आला. मात्र त्याच योजनेतील दुसरे धरण ग्लेन कॅनियन येथे झाले व ती दरी बुडाली. तिच्या बाजूने त्या वेळी फार थोडे लोक बोलले. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अरण्यांचा कायदा होऊन ९१ लक्ष एकर भूमी रस्ते, यंत्रे व तोड यांपासून मुक्त ठेवण्यात आली. आज हे क्षेत्र ११ कोटी एकरांहून अधिक आहे.

इतकी हकीकत बहुतेक पुस्तकांत सापडते. त्यांत एक पक्ष सहसा गाळलेला असतो, आणि खेड्यातील शिक्षकास त्याच पक्षाकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. या दऱ्यांत माणसे राहत होती. मिवॉक व पायूट लोक ओकची फळे गोळा करीत, गवताचे बी झोडून खात, आणि ठराविक काळाने कुरणांस आग लावीत, जेणेकरून झुडपे माजू नयेत व ओक टिकावेत. १८५१ साली शस्त्रधारी पलटणीने योसेमिटीच्या दरीत शिरून तेथील लोकांस हुसकले. त्यानंतर आलेल्या प्रवाशांनी मोकळी, बागेसारखी कुरणे पाहिली व ‘मानवी हात न लागलेली सृष्टी’ म्हणून तिचे गुणगान केले. हात लागला होता. तो कोणाचा, हे त्यांस दिसले नाही. म्यूरनेही या लोकांविषयी काही ठिकाणी तुच्छतेने लिहिले आहे. त्याच्याच सिएरा क्लबने २०२० साली त्याच्या अशा उद्गारांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पिंशोच्या ‘जास्तीत जास्त लोकां’मध्येही हे थोडे लोक बसत नव्हते.

आगीच्या बाबतीत तर दोन्ही पक्ष सारखेच फसले. १९१० साली आयडाहो व मोंटाना संस्थानांत सुमारे ३० लक्ष एकर रान जळाले. त्यानंतर वनसेवेने प्रत्येक ठिणगी विझविणे हेच धोरण केले. राष्ट्रीय उद्यानांतही तेच झाले. परिणाम असा, की ज्या रानात दर काही वर्षांनी हलकी आग फिरून पाचोळा साफ होई, तेथे पाचोळ्याचे थर साचले, झाडी दाटली, आणि सेक्वोया या महावृक्षांची नवी रोपे उगवेनाशी झाली. कारण त्यांच्या शंकूंतील बी मुख्यतः आगीच्या उष्णतेनेच मोकळे होते व राखेच्या उघड्या मातीत रुजते. १९६८ पासून सेक्वोया उद्यानात व १९७० पासून योसेमिटीत देखरेखीखाली मुद्दाम आग लावण्यास प्रारंभ झाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्याच परिसरात जो मोठा वणवा पेटला, त्यात सुमारे २,५७,००० एकर रान जळाले व हेच-हेचीच्या तलावापर्यंत धग आल्याने शहरात पाण्याची चिंता पसरली.

आपल्याकडील धागा ब्रँडिस यांच्यापासूनच पुढे जातो. १८७८ चा हिंदुस्थानचा वनकायदा तयार होत असता गावांचे वहिवाटीचे हक्क काही प्रमाणात मान्य करावेत असे त्यांचे मत होते. परंतु कायदा झाला तो सरकारी ताबा घट्ट करणारा. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात महात्मा जोतीराव फुले यांनी जंगलखात्याने डोंगर, कुरणे व गायराने कशी बळकावली आणि गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांस चरण्यास जागा कशी उरली नाही, याविषयी संतापाने लिहिले. मेंढपाळाची बाजू अमेरिकेतील वादात कोणी मन लावून मांडली नव्हती. महाराष्ट्रात ती मांडली गेली होती, आणि तीही वीस-तीस वर्षे आधी. पुढे १९२७ चा वनकायदा आला, २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे राखणारे व वापरणारे हात एकच आहेत. असे सर्वत्र जमेलच असे नाही, पण जेथे जमले तेथील गोष्ट मुलांस ठाऊक असावी.

वर्गात हा पाठ एका तासात बसणार नाही. दोन तास राखून ठेवावेत. पहिल्या तासास नकाशा व गोष्ट, दुसऱ्या तासास वाद. वर्गाचे दोन नव्हे, तीन गट करावेत : दरी राखू पाहणारे, शहरास पाणी देऊ पाहणारे आणि दरीत पूर्वीपासून राहणारे. तिसऱ्या गटास सर्वांत आधी बोलू द्यावे. शेवटी वेळ दिल्यास घंटा होते व तो गट तसाच राहून जातो, असा सर्वत्र अनुभव आहे. शिक्षकाने आपला निकाल सांगू नये. ज्या मुलाच्या घरी रोज मोळी येते, ज्याच्या आईस कधी जंगलातून रिकाम्या हाताने परत पाठविले गेले आहे, तो मुलगा या चर्चेत काय बोलतो ते नीट ऐकावे, व त्याचे म्हणणे फळ्यावर इतरांच्या बरोबरीने लिहावे. गावाजवळ देवराई असल्यास तिच्यात व शेजारच्या गायरानात कोणकोणती झाडे आहेत, याची दोन यादीपत्रके मुलांकडून करून घ्यावीत.

गणिताच्या तासास जोड म्हणून ब्रँडिस यांचा हिशेब घेता येईल. ८० एकर जंगलातील झाडे ४० वर्षांत तोडीस येतात. तर मूळ रान कमी न होता दर साल किती एकरांचा कूप तोडता येईल? उत्तर २ एकर. नंतर त्याच उदाहरणात भर घालावी : गावाने त्यांतील १० एकर देवराई म्हणून कधीच न तोडण्याचे ठरविले आणि १० एकर चराईस मोकळे ठेवले, तर उरलेल्या ६० एकरांतील कूप किती? उत्तर दीड एकर. कमी झालेल्या अर्ध्या एकराचे लाकूड कोणाच्या घरचे कमी होईल, हे मात्र गणितात येत नाही. तो प्रश्न मुलांनी घरी विचारून यावा.